बहिणीची दांडी माझ्या पोटात

मित्रांनो, मी एक जुनी डाय आहे. डाय म्हणजे पोलादाचा पोकळ साचा. दिसायला मी काही विशेष नाही. जाड अंगठ्याएवढी, बाहेरून आटे पाडलेली. बदलापूरच्या एका रायफल क्लबच्या मागच्या खोलीत हाताने चालवायचं दाबयंत्र आहे. त्याच्या माथ्यावर मला पिळून बसवतात. पाहुणे येतात ते रायफलीचे फोटो काढतात, माझा कोणी काढत नाही. मला त्याचं थोडं वाईट वाटतं.

माझं काम साधं आहे, पण ते चुकून चालत नाही. गोळी सुटली की मागे पितळेची रिकामी पुंगळी उरते. ती फुगलेली असते आणि तिच्या बुडाशी ठिणगी देणारी छोटी टोपी जळून अडकलेली असते. मी पुंगळीला पोटात घेऊन दाबते आणि मूळ मापात आणते. त्याच दाबात माझ्या पोटातल्या दांडीच्या टोकाची पिन जळकी टोपी खाली पाडते. मग ती पुंगळी पुन्हा भरता येते. हे काम परवाना असलेल्या मोठ्या माणसांचंच आहे बरं का! तुम्ही फक्त ऐका.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. अंबरनाथला नोकरी करणाऱ्या एका हौशी नेमबाज साहेबांनी मला मागवलं. एका खोक्यातून आम्ही दोघी आलो, मी आणि माझी जुळी बहीण. दोघींच्या अंगावर एकच शिक्का, पंख पसरलेल्या घारीचा. बहिणीला साहेबांच्या एका ओळखीच्याने "लगेच आणून देतो" म्हणून नेलं. अशा वस्तू कधी परत येतात का? ती गेली ती गेलीच. साहेब मात्र मला फार जपत. "हिच्यातून निघालेली पुंगळी डोळे मिटून वापरावी," असं ते चारचौघांत सांगत, आणि मी तेलात न्हाऊन मिरवत असे. ते थकले तेव्हा त्यांनी मला, दाबयंत्राला आणि आपल्या जुन्या रायफलीला क्लबच्या स्वाधीन केलं. तोवर मला घडवणारी कंपनीही बंद पडली होती.

ती रायफल आता जिज्ञासा चालवते. जिज्ञासा कात्रपच्या शाळेत गणित शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी क्लबमध्ये येते. त्या रायफलीची काडतुसं बाजारात मिळत नाहीत. म्हणजे मी चालले तरच जिज्ञासाचा सराव चालतो. मागच्या वर्षी राज्य स्पर्धेसाठी तिची निवड थोडक्यात हुकली होती. यंदा तिची निवड झाली. स्पर्धा थंडीत होती आणि ती जिद्दीने तयारीला लागली होती.

आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात, तुम्हाला माहीतच आहे. जिज्ञासाने मला पाटावर ठेवलं, ओल्या बोटाने हळदीकुंकू लावलं आणि मोठ्या प्रेमाने माझ्या तोंडात एक टपोरा झेंडू खोचला. पुजलेल्या अवजाराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पुढे तिच्या शाळेच्या परीक्षा, मग दिवाळी. क्लबला कुलूप. इकडे झेंडू माझ्या पोटात कुजत होता, कुंकवाचा चिखल झाला होता आणि मला आतून गंज चढत होता. रागावू तरी कोणावर? माझा इतका मान आजवर कोणी केला नव्हता.

दिवाळीनंतर तिने फूल काढलं, मला वरवर पुसलं आणि पुंगळी घालून यंत्राचा दांडा ओढला. पुंगळी अडकली. तिने जोर लावला आणि माझ्या पोटातली दांडी पिनेसकट मोडली.

"मीच वाट लावली हिची," जिज्ञासा कपाळाला हात लावून म्हणाली.

क्लबचे सेक्रेटरी महेश सर म्हणाले, "नवीन सेट मागवू ना, मॅडम. त्यात काय?"

"कधी येईल?"

"परमिशन, कस्टम... उन्हाळा उजाडेल."

"स्पर्धा थंडीत आहे, सर. आणि नवीन डायचे आटे या यंत्राला बसत नाहीत. मला हिचीच दांडी पाहिजे."

क्लबची दुरुस्ती राजरत्नदादा बघतात. त्यांनी लेथवर दांडी करून पाहिली. पहिली कडक झाली, ती तुटली. दुसरी नरम पडली, ती वाकली. "मॅडम, मूळचं पोलाद कोणतं तेच कळत नाहीये," ते म्हणाले. "जुनी कुठे भेटली तर बघा." मला वाटलं, आता ही हात टेकणार. तिने मला रुमालात गुंडाळलं, पर्समध्ये टाकलं आणि उल्हासनगर गाठलं.

जुन्या यंत्रांच्या दुकानांत तिने मला किती जणांपुढे धरलं! एकाने मला नळाचा तुकडा म्हटलं. दुसरा म्हणाला, "मॅडम, ये तो म्युझियम में दे दो." पोलादाची आहे म्हणून बरं, नाहीतर तिथेच रडले असते. जिज्ञासा मात्र पुढच्या दुकानाची पायरी चढत होती.

शेवटी नानिकराम नावाच्या म्हाताऱ्या सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानात ती शिरली. "नहीं है, बेटा," असं ते म्हणेपर्यंत तिची नजर गल्ल्यामागच्या देव्हाऱ्यावर गेली. झुलेलालच्या तसबिरीपुढे तांदळाच्या वाटीत एक काळपट नळी उलटी रोवली होती आणि तिच्यात अगरबत्ती जळत होती. राखेखाली घारीचा शिक्का होता. मित्रांनो, ती माझी बहीण होती! तिच्या अंगाला उभी चीर गेली होती, पण दांडी शाबूत होती.

"अंकल, ही मला द्या. काय घ्याल ते घ्या."

नानिकराम यांनी कानाला हात लावला. "भगवान के सामने की चीज बेचते नहीं, बेटा."

"मग विकू नका. पण हिच्याशिवाय माझी स्पर्धा बुडेल, अंकल. गेल्या वर्षीही राहिली."

त्यांनी वळून देव्हाऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगरबत्ती की जगह खाली नहीं रहनी चाहिए. इसकी जगह कुछ लाओ, अच्छा सा. फिर ले जाओ."

राजरत्नदादा बौद्ध, त्यांच्या घरी हळदीकुंकू नाही की देव्हारा नाही. पण त्यांनी पितळेची कांब लेथवर चढवली आणि असं देखणं अगरबत्तीचं घर कातलं की महेश सरांनी स्वतःच्या घरासाठीही एक मागितलं. नानिकराम यांनी ते तसबिरीपुढे ठेवलं, अगरबत्ती लावली आणि बहिणीला दोन्ही हातांनी जिज्ञासाच्या ओंजळीत दिलं.

राजरत्नदादांनी माझा गंज घासून काढला. मग बहिणीची दांडी काढून माझ्या पोटात पिळून बसवली. एकही आटा अडला नाही. जिज्ञासाने दांडा ओढला आणि जळकी टोपी टपकन खाली पडली. ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटू लागली. मला आनंद झाला आणि बहिणीसाठी वाईटही वाटलं. एवढ्या वर्षांनी भेट झाली ती अशी.

जिज्ञासा स्पर्धेत उतरली. पदक नाही मिळालं, पण तिची एकही गोळी अडली नाही. परतल्यावर तिने बॅग खाली ठेवली आणि आधी मला उघडून पुसलं, तेल दिलं.

तेवढ्यात महेश सरांनी बहिणीची रिकामी नळी उचलली. "ही फुटकी भंगारात देऊ ना?"

"नको सर," जिज्ञासा म्हणाली आणि तिने तिलाही तेलाचं बोट लावून माझ्याच डबीत ठेवलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही अशी एखादी जुनी, मोडकी वस्तू असेल. तिला फेकण्याआधी तिच्यातलं काय शाबूत आहे ते एकदा बघा. मला अजून पुष्कळ काम करायचं आहे. आज ना उद्या दांडी घट्ट धरणारा माझा नट झिजेल. बहिणीचा अजून चांगला आहे.