लुबोनच्या बायकांची नावं

खाण कंपनीने भेट दिलेले वायफायचे नवे डबे आमच्या ऑफिसात येऊन पडले, तेव्हा मानांग क्लॅरिताने मला एकही खोकं उघडू दिलं नाही. आधी नावाचं काय ते ठरू दे, म्हणाली.

विद्यापीठाच्या इंटरनेटच्या ऑफिसात आम्ही दोघंच. क्लॅरिता पाकातिव ही प्रमुख, आणि मी तिच्या हाताखाली वायरी ओढणारा. माझ्यापेक्षा बरीच मोठी, म्हणून मी तिला मानांग म्हणायचो. आमच्याकडे थोरल्या ताईला तसंच म्हणतात. ती नोकरीला लागली तेव्हा विद्यापीठात प्रत्येक विभागाचं वायफाय वेगळं, नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. शेतकी विभागातून वाचनालयात जाईपर्यंत पोरांचे फोन वाटेतच गळपटायचे. एकेका विभागप्रमुखाशी भांडून तिने सगळ्या आवाराला दोनच नावं उरवली. विद्यार्थ्यांसाठी 'दापाय', म्हणजे गावातला तो दगडी पार, जिथे बसून म्हातारे निवाडे करतात. पाहुण्यांसाठी 'मांगान ताको', म्हणजे चला, जेवूया. मनिलाहून आलेले पाहुणे ते वाचून खरंच जेवणाची चौकशी करायचे.

आता कंपनीची अट अशी होती की दोन्ही नावं जायची आणि त्या जागी कंपनीचं नाव, पुढे 'उद्याचा उजेड', असं लागायचं. ही कंपनी आम्हाला नवी नव्हती. मानांगच्या लहानपणी कंपनीने तिच्या लुबोन गावाच्या वर, झऱ्यापाशी, खनिजासाठी जमिनीत भोकं पाडायला तंबू ठोकले होते. पुरुष बोलणी करत बसले. बायका मात्र एका सकाळी वर गेल्या, तंबू उपटले, भांडीकुंडी, तांदळाची पोती, सगळं डोक्यावर घेतलं आणि खाली कंपनीच्या मुकादमाच्या दारात आणून टाकलं. शिपायांनी मारलं. मानांगच्या आईच्या खांद्यावर बंदुकीचा दस्ता बसला. कंपनी तेव्हा गेली, पण परवान्यासाठी तिची धडपड अजून चालूच होती.

बैठकीच्या आधी मला एक युक्ती सुचली. वायफायच्या नावात बत्तीसच अक्षरं मावतात आणि कंपनीने दिलेलं नाव त्याहून लांब होतं. मी मानांगला म्हटलं, नाव बसत नाही एवढंच सांग, विषय संपला. तिने ऐकून घेतलं, कॉफी संपवली, आणि उठली.

बैठकीत कुलगुरू होते आणि कंपनीची एक हसतमुख अधिकारी. काम कधी होईल, असं कुलगुरूंनी विचारलं. मानांग म्हणाली की अडचण आहे.

"तांत्रिक आहे का?" कुलगुरूंनी विचारलं.

"नाही सर. नाव लांब आहे, पण थोडं कापलं की बसतं. मी ते बसवणार नाही."

मी मान खाली घातली. कुलगुरू तिला समजावू लागले, की पोरांना वेगवान इंटरनेट मिळेल, नावात काय एवढं.

"एवढं काही नसेल तर त्यांना सांगा ना, नावाशिवाय द्या," मानांग म्हणाली. "रोज सकाळी प्रत्येक पोराचा फोन सगळ्यात आधी हे नाव शोधणार. परवान्याच्या सुनावणीत ते सांगणार की लुबोनची पोरंसुद्धा आमचं नाव घेऊन बसलीत. माझ्या हाताने ते होणार नाही."

त्याच आठवड्यात तिची बदली भांडारात झाली. खुर्च्या, खडू-फळे, झाडू. मनिलाहून एक कंत्राटदार आला. मी तिला हळूच विचारलं, पासवर्ड द्यायला उशीर करू का, एखादी वायर ढिली ठेवू का.

"सगळं नीट दे," ती म्हणाली. "उद्या काही बंद पडलं तर म्हणतील, यंत्र बिघडलं. यंत्र ठणठणीत आहे, बाबा. बिघडलेय ती मी. त्यांना तसंच दिसू दे."

नवं नाव लागलं. आणि पोरांनी ते घ्यायचं सोडलं. कोणी हुकूम दिला नव्हता. वनशास्त्राच्या वर्गात कुणीतरी बैठकीतली गोष्ट सांगितली आणि ती पसरली. ज्यांच्याकडे फोनमध्ये डेटा होता त्यांनी हॉटस्पॉट चालू करून इतरांना दिला, नाव ठेवलं 'दापाय'. सगळ्यांना ते परवडत नव्हतं. नर्सिंगची एक मुलगी रडकुंडीला येऊन भांडारात आली. तिची ऑनलाइन परीक्षा होती आणि मैत्रिणी तिला टोमणे मारत होत्या. मानांग तिला म्हणाली, "जोड आणि पेपर दे. तू नापास झालीस तर कंपनीचं काय जातं?" मग बाहेर येऊन त्या मैत्रिणींना असं झापलं की पुढे त्यांनीच तिला डेटा दिला.

मग वनशास्त्राची येस्सा नावाची मुलगी रविवारी लुबोनला गेली. मानांगच्या आईला आणि उरलेल्या म्हाताऱ्यांना भेटली. तंबू उपटायला कोण कोण गेलं होतं, ते विचारून आली. म्हाताऱ्या म्हणे सांगताना इतक्या हसत होत्या की सांगणं पुढेच सरकेना.

उद्घाटनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. कंपनीचे मोठे साहेब बारोंग, म्हणजे आमच्याकडचा समारंभाचा पातळ पांढरा सदरा, घालून आले; तो त्यांच्या अंगावर जहाजाच्या शिडासारखा फुगला होता. त्यांचा फोन मोठ्या पडद्याला जोडलेला. आता आपण सगळे मिळून जोडून घेऊ, असं म्हणत त्यांनी वायफायची यादी उघडली.

पडद्यावर कंपनीचं नाव होतं. त्याच्या वर, खाली नावंच नावं. गिनाय. सुयाम. पेत्रा. लोईडा. आपो बुगान. साहेब यादी सरकवत होते आणि ती संपत नव्हती; प्रत्येक पोराच्या खिशातल्या हॉटस्पॉटमधून एक बाई हजर झाली होती.

"या कोण?" साहेबांनी कुलगुरूंना विचारलं. माईक चालूच होता.

मानांग तेव्हा कडेला उभी होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून भांडारातून आणखी घेऊन आली होती. हातातली खुर्ची तिने खाली ठेवली.

"गिनाय माझी आई," ती म्हणाली. "बाकीच्या तिच्या सोबतिणी. तुमचे तंबू खाली आणून दिले होते यांनी. आणायला कोण आलं होतं ते तुम्ही कधी विचारलं नव्हतं, म्हणून पोरांनी लिहून ठेवलंय."

टाळ्या नाही वाजल्या. मागच्या रांगेतून एकेक पोरगं उठून उभं राहिलं, मग सगळेच राहिले. साहेबांनी फोनची वायर काढली आणि पडदा निळा झाला.

पुढच्या महिन्यात कंपनीनेच आपलं नाव काढायला सांगितलं. डबे परत न्यायला खर्च फार, म्हणून ते राहिले. कुलगुरूंना 'दापाय' परत लावायचं नव्हतं. त्यांनी नुसतं 'कॅम्पस' ठेवलं, आणि ते अजूनही तेच आहे. लुबोनच्या परवान्याचा निकाल अजून लागायचा आहे.

कंत्राटदार गेल्यावर कुलगुरूंनी मानांगला परत बोलावलं. झालं ते चुकलं, एवढं तोंडाने म्हण, अशी त्यांची अट होती. ती म्हणाली, चुकलं असतं तर म्हटलं असतं. म्हणून ती भांडारातच आहे आणि तिच्या खुर्चीत मी बसतो. कुठे अडलं की मी जिने उतरून तिच्याकडे जातो. शनिवारी तिथे गेलं तर जागा मिळत नाही: येस्सा आणि तिच्या वर्गातल्या मुली जमिनीवर बसून वायरींना टोकं लावायला शिकत असतात, आणि मानांग त्यांच्यावर ओरडत असते.