घाणीचं विरजण

करंजाच्या कोळीवाड्यात होडी होती तोवर कमळाकरने मासा कधी विकत घेतला नव्हता. त्यामुळे पनवेलच्या दुकानातून मासा जिवंत आणायचा, तोही न खाण्यासाठी, आणि वर त्याला खायला वेगळं विकत घ्यायचं, हे त्याच्या पचनी पडायला जरा वेळ लागला.

गुडघे गेले, होडी विकली, आणि न्हावा शेवाला नोकरीला असलेल्या कल्पेशने आईबापाला आपल्या पनवेलच्या फ्लॅटवर आणलं. गुणाबाईला तिथलं सगळं आवडलं: लिफ्ट, नळ आणि सून कोमल, बहुधा याच क्रमाने. कमळाकरला काहीच आवडलं नाही. ‘चार दिवस राहून बघतो’ म्हणून आणलेली बॅग त्याने रिकामी केलीच नाही. कपडे लागले की तो बॅगेतून काढी, धुऊन वाळले की परत बॅगेत घाली. बॅग दाराजवळ उभी असे, फिरायला न्यायची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखी. ती एकदा निघाली की तिच्यामागून आपल्यालाही निघावं लागणार, हे गुणाबाईला पक्कं ठाऊक होतं.

कोमलच्या ऑफिसातल्या एकाची बदली झाली आणि त्याची काचेची टाकी फुकटात घरी आली.

“बाबा, यात फायटर पाळू या,” कोमल म्हणाली.

“मासा पाळायचा? मोठा झाला की काय करायचं?”

“तो तेवढाच राहतो. बोटाएवढा.”

“मग उपयोग काय त्याचा?”

“बघायचा.”

कमळाकरने बराच विचार केला. “बरं. हा जगला तर मी हितंच राहीन. मेला तर समजायचं, या बिल्डिंगीत पान्यातला जीव टिकत नाय. मी आपला करंजाला.”

गुणाबाईने लगेच एकवीरेला नवस बोलला. सकाळीच ज्याच्या भाऊबंदांना तिने विळीवर घेतलं होतं, त्याच्या दीर्घायुष्यासाठी.

खर्च करायचा नाही, असं कोमलने आधीच ठरवलं होतं. स्पंजची गाळणी आणि तिला हवा देणारा लहानसा पंप तेवढा विकत आणला. लपायला नारळाची करवंटी, कडा घासून गुळगुळीत केलेली. सोसायटीच्या देशी बदामाची गळालेली पानं कमळाकर वेचून आणू लागला, कारण ती पाण्यात घातली की फायटरला बरं वाटतं, असं मोबाइल सांगत होता. कचरा उचलणारे सभासद म्हणून सोसायटीत त्याची कीर्ती झाली. फायटर उडी मारतो हे कळल्यावर त्याने बॅगेच्या तळातून जाळं विणायची सुई काढली आणि टाकीवर बारीक जाळ्याचं झाकण विणलं. जन्मात पहिल्यांदाच त्याचं जाळं माशाला पाण्यातच ठेवण्यासाठी कामी येत होतं.

फक्त त्याने करंजाहून पिशवीभर वाळू आणली, ती कोमलने परत पाठवली. “बाबा, ती खारी आहे. हा गोड्या पाण्यातला मासा.”

“गोड्या पान्यातला? मग त्याला चव काय असनार!” गुणाबाई म्हणाली.

टाकी भरली, वनस्पती लावल्या, गाळणी बुडबुडू लागली, आणि कोमल म्हणाली, “आता महिनाभर मासा नाही आणायचा. पाणी मुरू दे.”

पनवेलात कुणालाही हे ऐकून हसू आलं असतं. कमळाकरला आलं नाही. “बरोबर हाय. पावसाळ्यात आमच्या मासेमारीला पन बंदी असते,” तो म्हणाला. महिनाभर तो रोज रिकाम्या टाकीत खाण्याची चिमूट टाकत राहिला, कारण ते कुजल्याशिवाय पाणी मुरत नाही. आलेगेले पाहुणे टाकीसमोर बसून सभ्यपणे मासा शोधत आणि ‘छान आहे हो’ म्हणत.

मग निळा फायटर आला, एकच.

“दोन का नाय?” गुणाबाईने विचारलं.

“दोन नर एकमेकांना फाडतात, आई.”

“म्हंजे भावकीच हाय.”

त्याच्या सोबतीला तळात चरणारे, कुणाच्या अध्यात ना मध्यात असे छोटे कोरी मासे आले. बोंबील तळताना गुणाबाई टाकीवर टॉवेल टाकू लागली. का, असं विचारलं तर म्हणे, “धूर लागंल.” धूर काचेच्या फक्त समोरच्याच बाजूने लागतो, असं तिचं मत असावं.

कमळाकर एका हळदीसाठी करंजाला गेला, त्या दिवशी तिची नजर गाळणीकडे गेली. स्पंज तपकिरी, बुळबुळीत. मासा जगायचा तर अशा घाणीत? आयुष्यभर कोळणीचा पाट घासलेल्या हातांनी तिने तो स्पंज नळाखाली धरला, ब्रशने घासला, पिळला, उन्हात कडक वाळवला आणि जागच्या जागी लावला. नवसाला थोडी मदत.

दोन दिवसांत पाणी दुधासारखं झालं. फायटर पंख मिटून वर कोपऱ्यात लोंबकळू लागला. कमळाकर करंजाहून परतला होता. त्याने दोरीवरचे कपडे ओलसरच काढले, घडी केले आणि बॅगेत घातले.

“गाळणी कुणी धुतली?” कोमलने विचारलं.

“मी,” गुणाबाई म्हणाली. “घान होती गं. तो मरू नये म्हनून धुतली.”

“आई, ती घाण नव्हती. त्यात जिवाणू होते, तेच पाणी साफ ठेवतात. ते महिनाभर वाढवले होते आपण.”

गुणाबाई बॅगेकडे बघत होती. “म्हंजे इरजन होतं ते?”

“विरजणच.”

“मग एवढं तोंड कशाला पाडता? इरजन संपलं की शेजारी मागतात.”

तिने वाटी घेतली आणि खालच्या मजल्यावर मनिषाकडे गेली. मनिषाच्या हॉलमध्ये गप्पी माशांची जुनी टाकी होती.

“मनिषा, घान हाय का गं घरात?”

“मावशी! आत्ताच फिनेलने लादी पुसलीये!”

“तशी नाय. टाकीतली. चांगली जुनी बघून दे.”

खुलासा व्हायला थोडा वेळ लागला. मग मनिषाने आपला स्पंज वाटीत पिळला, आणि गुणाबाई ती तपकिरी वाटी दोन्ही हातांत धरून, सांडेल म्हणून लिफ्टसुद्धा टाळून, जिन्याने वर आली. तोवर कोमलने थोडं पाणी काढून बादलीतलं, क्लोरीन उडालेलं शिळं पाणी घातलं होतं. गुणाबाईने घाण गाळणीवर ओतली आणि सवयीने टाकीवर ताट झाकायला गेली.

“आई, दही नाही लागायचं!”

रोज थोडं पाणी बदलत राहिले. पाणी निवळलं, फायटरने पंख उघडले, आणि एका सकाळी बदामाच्या पानाखाली त्याने तोंडाने रचलेला बुडबुड्यांचा पुंजका दिसला.

“घर बांधतोय,” कमळाकर म्हणाला. “बायको नाय, पोर नाय, तरी बांधतोय.”

“त्याला कळतं, कुठं ऱ्हायचं ते,” गुणाबाई म्हणाली.

मनिषाची वाटी रिकामी कशी पाठवायची, म्हणून तीन वेळा घासून तिच्यात सुकटीची चटणी गेली. गुणाबाई देऊन परत आली तेव्हा कमळाकर जमिनीवर बसून बॅगेतून कपडे काढत होता. कपडे कल्पेशच्या कपाटात चालले होते.

“बॅग लागते मला,” तो खाली बघत म्हणाला. “पावसाळ्यात बदामाची सुकी पानं मिळायची नायत. आत्ताच भरून ठेवतो.”