सॉरीची एकेचाळीस कार्डं

ज्या बाईनं उभ्या आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, तिच्या तोंडात नेमका ‘सॉरी’ हा एकच शब्द शिल्लक राहावा, याला काय म्हणायचं, सांगा!

बाई म्हणजे शिवणवाल्या बाई. घराच्या पुढच्या खोलीत तीस वर्षं त्यांचा शिवणाचा क्लास चालला. जीभ कात्रीहून धारदार. कोटाची बाही आखूड झाली तर ‘तुमचे हातच लांब आहेत’ असं गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावणार. चार महिन्यांपूर्वी मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण तोंड उघडलं की बाहेर यायचं ते सॉरी. पाणी हवं, सॉरी. पंखा नको, सॉरी. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘असं होतं कधीकधी. पुरात सगळं घर वाहून जातं आणि एखादं भांडं दारात अडकून राहतं. तेच का अडकलं, ते विचारू नका.’’

आणि भांडं अडकलं तेही कुणाच्या दारात! बाईंच्या नवऱ्याला सगळी इमारत एसकाका म्हणायची. मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत त्यांचा जन्म गेला आणि त्यातली अकरा वर्षं एकट्या ‘एस’ अक्षरात. सॉरीची नोंद त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली. एक, केल्या चुकीचं दुःख वाटणारा. दोन, दुसऱ्याच्या दुःखानं हळहळणारा. तीन, केविलवाणा, जसा एखाद्याचा अवतार. चार, नीट ऐकू आलं नाही तर ‘काय म्हणालात?’ या अर्थी. शिवाय दिलगीर, खिन्न, खजील अशी समानार्थी शब्दांची शेपटी. एवढं करूनही घरातला सॉरी कळेना, तेव्हा काकांनी जन्मभर केलेलं तेच काम पुन्हा काढलं. कार्डं आणली.

कोशाच्या कचेरीचा नियम कडक होता. कोण बोललं, कधी बोललं, आधी काय घडलं, हे कार्डावर लिहायचं. एकाच वापराची तीन कार्डं जमली तरच तो अर्थ छापायचा, नाहीतर संपादक ते कार्ड परत भिरकावायचे. काकांनी बुटाचा रिकामा खोका घेतला आणि बाईंचा प्रत्येक सॉरी लिहायला बसले. पहिल्या दिवशी बाईंनी ते बघितलं आणि डाव्या हातानं पेन्सिल फेकून मारली. तेही काकांनी लिहून ठेवलं.

लेक शुक्रवारी आली ती सगळं ठरवूनच. तिच्या घरापासून दोन मिनिटांवर आजारी माणसांना सांभाळणारी एक संस्था होती. तिथे एक खोली रिकामी झाली होती. सोमवारी आईला घेऊन जायचं.

‘‘बाबा, तुम्ही बहात्तरचे. तुम्ही किती दिवस पुरे पडणार?’’

‘‘पडतोय की.’’

‘‘आणि ती दिवसभर माफी मागतेय हो! आपलं ओझं झालं म्हणून जीव जातोय तिचा. मला नाही ऐकवत.’’ लेकीचे डोळे भरून आले. ‘‘तुम्हाला कसं ऐकवतं?’’

काकांनी जाऊन खोका आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

‘‘ती माफीबिफी काही मागत नाही. हे बघ. आखूड, शेवट चढा: चष्मा दे. अकरा कार्डं. दोनदा जोडून: पडदा ओढ, डोळ्यावर ऊन येतंय. नऊ कार्डं. लांबलचक, नाकातून: वरच्या मजल्यावरची आली, आता ही तासभर हलायची नाही. सहा.’’

लेकीला रडता रडता हसू आलं. पण पोर कुणाची! आईचीच. ती म्हणाली, ‘‘हे सगळे तुम्ही लावलेले अर्थ. तिला विचारलंत?’’

झालं, परीक्षा ठरली. शनिवारी दुपारी काका भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले. बाईंना बोलायचं ते बोलू द्यायचं आणि काकांनी न बघता अर्थ सांगायचा. बरोबर असला तर बाईंनी मान हलवायची. सोमवार कसला येतोय ते बाईंनाही कळलं होतं. त्यांनी मान ताठ केली.

‘‘सॉरी.’’

‘‘उशी वर कर.’’

मान हलली. लेकीनं उशी वर केली.

‘‘सॉरी, सॉरी.’’

‘‘पडदा.’’

पुन्हा मान हलली. तिसरा सॉरी फणकाऱ्यानं आला आणि काका म्हणाले, ‘‘हा तुला आहे. केस काय कापलेस असे, म्हणतेय.’’ बाईंनी डाव्या हातानं पलंगाची कड थापटली. लेकीनं कपाळावर हात मारला.

तरी ती गप्प झाली नाही. खोक्याच्या तळाशी रबर लावलेला एक जाड गठ्ठा होता, तो तिनं हातात घेतला. ‘‘आणि हे? यावर अर्थच नाही लिहिलेला.’’

‘‘ते राहू दे.’’

‘‘एकेचाळीस आहेत, बाबा. तीनला अर्थ ठरतो ना तुमचा?’’

काका भिंतीकडेच बघत राहिले. हा सॉरी वेगळा होता. खालच्या पट्टीतला, थकलेला, जरा घोगरा. हा मात्र खराच असावा, असं त्यांना वाटायचं. अर्थ क्रमांक एक. लेक म्हणते तोच. म्हणून गेले पंधरा दिवस कार्डं लिहिली आणि अर्थाची ओळ कोरी ठेवली. कोशाचं काम करून केस पिकले, पण एवढी एक ओळ भरायचा धीर झाला नाही.

‘‘हा बहुतेक माफीचाच आहे,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘हा ऐकवत नाही मलाही. ने तिला. तुझ्याजवळ तरी तिला असं वाटणार नाही.’’

बाई पलंगावरून ‘सॉरी! सॉरी!’ करून ओरडल्या. या सॉरीला कार्डाची गरज नव्हती.

लेक मात्र गठ्ठा चाळत बसली होती. एकेक कार्ड ती जमिनीवर मांडायला लागली. सकाळी सात वीस. अकरा दहा. संध्याकाळी सहा पाच. पुन्हा सात वीस, मग सात पंचवीस.

‘‘सात वीसला काय असतं?’’

‘‘काही नाही. दूध घेऊन येतो मी.’’

‘‘अकराला?’’

‘‘औषधं आणली असतील. नाहीतर भाजी.’’

‘‘आणि इथे ‘आधी काय घडलं’ या रकान्यात तुम्ही दर वेळी लिहिलंय, ‘काही नाही’.’’

‘‘काही नव्हतंच घडलेलं.’’

‘‘अहो बाबा, काही नाही कसं? तुम्ही आलात!’’

काका वळले. एकेचाळीस कार्डं जमिनीवर पसरली होती आणि प्रत्येकात एकच माणूस लिहायचा राहिला होता. सगळ्या जगाचे पुरावे गोळा करणाऱ्यानं स्वतःला मोजलं नव्हतं. संपादकांनी गठ्ठाच्या गठ्ठा तोंडावर मारला असता.

लेक उभी राहिली होती. तिचा आवाज एकदम लहान झाला. ‘‘बाबा, तुम्ही रोज उशिरा यायचात ना कचेरीतून. मी खिडकीत बसायचे. तुम्ही दारात बूट काढताना काय म्हणायचात?’’

काकांना आठवायची गरजच नव्हती. एस अक्षर संपता संपत नव्हतं. रोज तास दोन तास उशीर. दार उघडायचं, बूट काढायचे आणि खाली मान घालून म्हणायचं, सॉरी. खालच्या पट्टीत, थकून. अकरा वर्षं. पुढे उशीर संपला तरी शब्द राहिला. त्यात माफी नव्हती आणि काही नव्हतं. त्या घरात त्याचा अर्थ एवढाच होता, की मी आलो.

आणि बाई शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, ‘‘आलात? हात धुवा.’’

काका पलंगाकडे बघायला लागले. बाई त्यांच्याकडेच बघत होत्या, अगदी मठ्ठ पोराकडे बघावं तशा.

‘‘उठा,’’ लेक म्हणाली. ‘‘बाहेर जा आणि परत या.’’

काका बूट घालून बाहेर गेले. दोन मजले उतरले, विनाकारण खालच्या दाराला हात लावला आणि परत चढले. धाप लागली. त्यांनी दार उघडलं, वाकून बूट काढले.

‘‘सॉरी,’’ बाई म्हणाल्या. खालच्या पट्टीत, थकलेला, घोगरा. हुबेहूब काकांचाच आवाज.

आपलं बोलणं बायकोनं सांभाळून ठेवलं आणि तिचं बोलणं सांभाळायला आपण चार महिने लावले, याची त्यांना लाज वाटली आणि आनंदही झाला. ते कसेबसे म्हणाले, ‘‘आलात? हात धुवा.’’

बाई हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा, पोट हलेपर्यंत हसल्या. मग त्यांनी डाव्या हातानं निकामी उजवा हात उचलला आणि दोन्ही हात काकांच्या पुढे केले.

काकांनी पातेल्यात कोमट पाणी आणलं, साबण आणला. एकेक बोट धुतलं. सुया टोचून टोचून बोटांची टोकं अजून खरखरीत होती. स्वयंपाकघरातून लेकीचा फोनवरचा आवाज येत होता. ‘‘ती खोली दुसऱ्या कुणाला देऊन टाका. हो, नक्की. नाही नाही, मीच इथे येत जाईन.’’

ती बाहेर आली, तेव्हा काका कोरं कार्ड घेऊन बसले होते. ‘आधी काय घडलं’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मी आलो.’ अर्थाची ओळ भरली. कोपऱ्यात लिहिलं, ‘पुरावा एक.’

‘‘एक काय? एकेचाळीस आहेत की!’’

‘‘ती बाद. नोंदच चुकलेली,’’ काका म्हणाले आणि पुन्हा बूट चढवायला लागले.

‘‘आता कुठे निघालात?’’

‘‘दोन राहिलेत,’’ ते म्हणाले. बाईंनी ओले हात तसेच मांडीवर ठेवले आणि दाराकडे तोंड करून बसल्या.