कोरडा अंगठा

तानाबाईंनी शाईचं पॅड दोन बोटांनी परत सरकवलं आणि उजवा अंगठा मुठीत दडवला.

"आंधी वाच, काय लिह्यलं त्याच्यात."

दीपमालाला हसूच आलं. पोलिसात भरती होऊन तिला दीड वर्ष झालं होतं, पण अंगठा द्यायला एवढा भाव खाणारं माणूस तिनं पाहिलं नव्हतं. दोन दिवस ती बंदोबस्ताला होती, आजच ठाण्यावर परतलेली. हवालदार प्रेमानंद जेवायला जाताना सांगून गेले होते, की आसिफच्या अटकेच्या कागदावर घरच्या नाहीतर गावच्या कुणाची साक्ष हवी, कुणी आलं की अंगठा घेऊन टाक. आणि ही म्हातारी त्याच्यासाठी डबा घेऊन आयतीच आली होती.

दीपमालानं वाचलं. मोटरचोरीचा संशयित आसिफ, अटक आज सकाळी अकरा वाजता.

"खोटं हाये," तानाबाई म्हणाल्या. आवाज काही चढला नाही. "काल वावरात लाईन आली, साऱ्यायच्या मोटरी सुरू झाल्या, तव्हाच तुमची गाडी त्याले घेऊन गेली."

विजेची लाईन या आठवड्यात दुपारी तीनला येते, हे शेतकऱ्याच्या लेकीला कुणी सांगायला नको होतं. दीपमालानं घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. काल तीनला धरलेला माणूस आज तीनच्या आत कोर्टापुढं उभा करायला हवा. अकरा लिहिले की प्रेमानंदांच्या हातात तो उद्यापर्यंत राहणार. मघाशी कोठडीत आसिफला चहा दिला तेव्हा तो उभ्यानंच प्यायला होता. बस म्हटलं तरी बसला नाही. तिनं तेव्हा नजर वळवली होती.

"आजी, द्या न अंगठा. मंग डबा देऊ देते तुम्हाले." बोलताना तिची तिलाच लाज वाटली.

"बचतगटात वकीलबाई आली होती. वाचल्याबिगर अंगठा देऊ नका, म्हणे. तू वाचलं, अन् ते खोटं निघालं. मी बसते."

तानाबाई बाकावर बसल्या, मूठ पदराखाली. या ठाण्यात भलेभले गयावया करतात, समोर येईल त्या कागदावर सही करून सुटतात. ही बाई ना रडली, ना कुणाच्या पाया पडली. पाऊण तास तशीच बसून राहिली, पाणीसुद्धा मागितलं नाही. दीपमाला थक्क होऊन पाहत होती. विळ्याच्या जुन्या खुणांचा तो एवढासा अंगठा, आणि अख्खं ठाणं त्याच्यापाशी अडलं होतं.

दोन वाजता तिनं पेन उचललं. अकरावर रेघ ओढली, वर कालची तारीख आणि दुपारचे तीन लिहिले, बाजूला स्वतःची सही केली. मग तिनं ठाणेदार साहेबांना फोन लावला.

"साहेब, आसिफ कालचा आहे. मी कागदावर तसं लिहिलंय."

पलीकडून साहेबांनी आधी किती वाजले ते विचारलं.

"गाडी काढायला सांग," मग ते म्हणाले. "आधी दवाखान्यात, मग कोर्टात."

तानाबाई उठून टेबलापाशी आल्या आणि त्यांनी अंगठा शाईवर टेकवला.

"तुम्ही आसिफच्या कोण लागता?" दीपमालानं विचारलं. "नातं लिहा लागते."

"कोनीच नाही. त्याची माय बानो मलकापूरले गेली, लेकीच्या बाळंतपणाले. तिले तुमी कोनी कळवलं नाही. म्या केला फोन."

"मंग तुम्ही कशाले आल्या एवढ्या उन्हाच्या?"

"मोटर माहीच गेली न, पोरी." त्यांनी कागदावर अंगठा नीट दाबला. "संशय बी मीच सांगतला. माही मोटर मले पाह्यजे. पन माह्या नावावर कोनाले मारू नका."

शाईचं बोट पदराला पुसून त्यांनी डबा पुढं केला. भरीत जरा तिखट झालंय, सोबत पाणी दे म्हणाल्या.

दीपमालानं फाइल उलटून फिर्याद काढली. खाली तोच अंगठा होता. नात्याच्या रकान्यात काय लिहावं ते तिला सुचेना. ती खुर्चीतून उठली आणि डबा तिनं दोन्ही हातांनी घेतला.