छियू ताईंचे शिफारसपत्र

मी एक जुना प्रिंटर आहे, मित्रांनो. वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात उभा राहून माझी चाके फरशीला चिकटल्यासारखी झाली आहेत. फार वेळ बोलण्याची ताकद आता उरलेली नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय जायचे नाही, असे ठरवले आहे.

माझा जन्म ज्या कारखान्यात झाला तो मला फारसा आठवत नाही. आठवते ती ताइपेतल्या टेकडीवरच्या विद्यापीठातली ही खोली. एम.बी.ए. विभागाचे परदेश-शिक्षण कार्यालय. नाव मोठे, पण खोली एवढीशी. दोन टेबले, एक कपाट, बारा महिने ओल धरणारी भिंत आणि मी. इथल्या मुलांना एका सत्रासाठी परदेशातल्या विद्यापीठात शिकायला जाता येई आणि तिकडची मुले बदल्यात इकडे येत. कोणी सोलला जाई, कोणी कोपनहेगनला, कोणी लिस्बनला. जाणाऱ्याचे शिफारसपत्र, गुणपत्रक, विम्याचा कागद, वसतिगृहाचा अर्ज, सारे माझ्यातून बाहेर पडे. मिनिटाला चाळीस पाने! मुले म्हणत, "काय पळतं हे!" ते ऐकून मी आणखी जोरात पळे. तेव्हा मी नवा होतो आणि मला अक्कल नव्हती.

मला चालवणाऱ्या बाईंचे नाव छियू सू-चेन. सगळे त्यांना छियू ताई म्हणत. मी आलो तेव्हा त्या तिशीच्या होत्या. कोणत्या देशाच्या व्हिसाला किती फोटो लागतात, कोणत्या विद्यापीठाची बाई पत्राला उत्तर देत नाही, कोणत्या मुलाच्या आईला आधी फोन करून धीर द्यावा लागतो, हे सगळे त्यांच्या डोक्यात असे. परत आलेली मुले त्यांच्यासाठी चॉकलेट आणि फ्रिजवर चिकटवायची चित्रे आणत. ताईंच्या फ्रिजवर म्हणे आता जागाच नव्हती. त्या स्वतः मात्र कधी विमानात बसल्या नव्हत्या.

आमच्याकडे यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊचा हिरवा पुडा ठेवतात. पुडा हिरवाच हवा, नारळाच्या चवीचा. पिवळा चालत नाही आणि मुदत संपलेला तर मुळीच नाही. तो डोक्यावर असला की यंत्र शहाण्यासारखे वागते, अशी समजूत आहे. विभागप्रमुख लाय सरांचा या पुड्यावर भारी विश्वास होता. हे सर वर्गात यंत्रांची देखभाल हाच विषय शिकवत, बरे का. पण ऑफिसात मी जरा कुरकुरलो की म्हणत, "छियू ताई, पुड्याची तारीख बघा बरं." तारीख पाहिली जाई आणि नवा पुडा येई. माझे झाकण मात्र कोणी उघडत नसे.

एकदा डेन्मार्कहून आलेल्या मॅग्नस नावाच्या विद्यार्थ्याला भूक लागली आणि त्याने तो पुडा सरळ फोडून खाल्ला. त्याच दुपारी माझ्यात कागद अडकला. मग काय विचारता!

"अरे, प्रिंटरचा नैवेद्य खाल्लास तू!" मुले ओरडली.

"मला वाटलं पाहुण्यांसाठी ठेवलाय," तो बिचारा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने माफी मागून सहा पुडे आणून दिले. पुडे सहा आले, मेकॅनिक एकही आला नाही. कागद ओढून घेणारा माझा रबरी रूळ तेव्हापासूनच झिजत होता. छियू ताई ओल्या फडक्याने तो पुसत, उजव्या कुशीवर हलकी थाप देत आणि म्हणत, "चल बाबा, तुझं आणि माझं सारखंच आहे." मी चालू लागे. चालत होतो, हेच माझे चुकले.

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ताईंनी एक धाडस केले. आमच्याच विभागाच्या संध्याकाळच्या एम.बी.ए.ला त्यांनी प्रवेश घेतला. दिवसभर टेबल सांभाळून त्या वर्गात जात. डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली, पण गुण चांगले पडले. शेवटच्या वर्षी त्यांनी लिस्बनसाठी अर्ज भरला. लिस्बनला दोनच जागा होत्या. निवड समितीपुढे नावे नसतात, फक्त विद्यार्थी क्रमांक असतात. यादी माझ्यातूनच छापून निघाली. ताईंचा क्रमांक एकशे सात, दुसरी जागा. ताईंनी ती यादी हातात धरली आणि त्या खुर्चीत बसल्या.

जागा मिळाली होती, आता रजा हवी होती. एका सत्राच्या बिनपगारी रजेवर लाय सरांचा शिक्का लागणार होता.

"जायलाच हवं तुम्ही," सर म्हणाले. "पण ऑफिस कोण बघणार? पुढच्या वर्षी बघू ना."

"पुढच्या वर्षी मी विद्यार्थिनीच नसेन, सर."

"बघू, काहीतरी मार्ग काढू," असे म्हणून सर हसत निघून गेले. सर वाईट नव्हते, मित्रांनो. ते गोड बोलत आणि कागद टेबलावर पडून राही. होकार कळवायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. मुदत चुकली तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलीला जाणार होती. त्या मुलीचे नाव पेइ-जुंग. ती रोज दारात येऊन उभी राही.

"ताई, कोणी नाव मागे घेतलं का हो?"

"नाही गं."

"हा एकशे सात नंबर आहे तरी कोण? होकारही कळवत नाही, नाहीही म्हणत नाही. त्याला सांगा ना, बाबा रे, घरी बस!"

ताई हसून म्हणत, "सांगते हं." ती गेली की त्यांचे हसू उतरत असे. मला त्यांचा राग येई. अहो, बोला की! पण गप्प राहून काम करण्यात माझे तरी आयुष्य वेगळे कुठे गेले होते?

शुक्रवार उजाडला. दुपारी दोन वाजेपर्यंत शिक्का आला नाही. तेव्हा ताईंनी टाइप केले, 'वैयक्तिक कारणास्तव मी माझी निवड मागे घेत आहे.' आणि बटण दाबले.

कागद माझ्यात अडकला. त्यांनी तो ओढून काढला, पुन्हा बटण दाबले. पुन्हा अडकला. तिसऱ्यांदा तर त्याच्या चिंध्या झाल्या. मी मुद्दाम अडवला, असे तुम्हाला सांगायला मला फार आवडले असते. पण खोटे कशाला बोलू? माझा रूळ गुळगुळीत झाला होता, एवढेच.

ताई गुडघ्यांवर बसून माझ्या पोटातून चिंध्या काढत होत्या. हात काळे झाले होते. तेवढ्यात लाय सर आले. त्यांच्या हातात दुधाचा थंड चहा होता, अर्धी साखर, बर्फ कमी, ताईंना आवडतो तसा.

"दमलात ना?" सरांनी चहा टेबलावर ठेवला. "घ्या, बरं वाटेल. आणि या प्रिंटरचा पुडा बदला, जुना झालेला दिसतोय."

ताईंनी पुड्याकडे पाहिले. मग चहाकडे पाहिले.

"सर, हा माझा पुडा का?"

"म्हणजे?"

"याचा रूळ बदला म्हणून मी अकरा अर्ज दिले. दर वेळी नवा पुडा आला. मी रजा मागितली की चहा येतो. मी कुरकुरू नये म्हणूनच ना हा?" त्यांनी हातातल्या चिंध्या टेबलावर ठेवल्या. "मला चहा नकोय, सर. मला लिस्बनला जायचंय."

लाय सर उभेच राहिले. चहाच्या पेल्यावरून पाणी ओघळून टेबलावर आले तरी कोणी पुसले नाही. मग ते त्यांच्या खोलीत गेले. परत आले तेव्हा हातात रजेचा अर्ज होता आणि त्यावर ओला लाल शिक्का.

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले.

ताईंनी फडके ओले केले, माझा रूळ पुसला, कुशीवर थाप दिली. माझ्यात होते नव्हते ते बळ मी एकवटले. ताईंचे स्वतःचे शिफारसपत्र सरळ, स्वच्छ बाहेर आले. असली शेकडो पत्रे त्यांनी माझ्याकडून छापून घेतली होती, पण आज त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. साडेचारला होकार गेला.

पेइ-जुंगला कळले तेव्हा ती दारातच थिजली. "म्हणजे मी रोज तुम्हालाच घरी बसा म्हणत होते?" तिचे डोळे भरले. लिस्बन तिलाही हवेच होते. थोड्या वेळाने नाक पुसून म्हणाली, "जा आता. आणि तिकडे बसून ऑफिसचे मेल बघितलेत तर याद राखा!"

ताई गेल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात मी कायमचा बंद पडलो. थाप कुठे द्यायची ते ताईंच्या जागी आलेल्या नव्या मुलाला ठाऊक नव्हते. या वेळी मात्र लाय सरांनी स्वतः फोन केला आणि मेकॅनिक आला. झाकण उघडून तो चुकचुकला.

"सर, हा रूळ दर दोन वर्षांनी बदलायचा असतो. एकदाही नाही बदलला?"

"आता बदलता येईल?"

"आता हा भाग मिळत नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे हो. वेळेवर बोलावलं असतं तर अजून दहा वर्षं चाललं असतं."

तेव्हापासून मी बाहेर व्हरांड्यात उभा आहे. भंगाराची गाडी आज येणार, उद्या येणार असे चालले आहे. मला त्याचे दुःख नाही. थकवा आहे. दुःख एवढेच की इलाज लहानसा होता.

काल पेइ-जुंगने इथेच उभी राहून लाय सरांना मोबाइलवर ताईंचा फोटो दाखवला. लिस्बनच्या वर्गात, पंचविशीतल्या मुलामुलींच्या मधोमध ताई हसत होत्या. सर फोटोकडे पाहतच राहिले.

"हसताना यांच्या गालाला खळी पडते?" त्यांनी हळूच विचारले.

"पडतेच की, सर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

इतकी वर्षे ताई त्यांच्या डोळ्यांसमोर काम करत होत्या.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत असे कोणीतरी असेल, न थांबता, न बोलता चालणारे. त्याचे सगळे ठीक आहे, असे धरून चालू नका. जवळ बसा, काय झिजते आहे ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका. माझ्याजवळ तसे एकच माणूस बसले, आणि त्याच्याजवळ कोणीच बसले नव्हते.