डावा कोपरा

टाचणीच्या डोक्याएवढा हिरवा दिवा लॅपटॉपच्या कडेला लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला... शाळेत मुलं मोजत तशा बाई ओठ न हलवता आकडे मोजत राहिल्या. एकोणचाळीस, चाळीस — पडदा उजळला. पूर्वी अकरा मिनिटं लागायची.

अकरा मिनिटांत शेजारच्या खुर्चीतल्या नवऱ्याची सकाळच सरायची. पक्षाघाताचा झटका आल्यापासून यांचं लक्ष नऊला जागं होई ते जेमतेम सव्वानऊपर्यंत. मग डोळे खिडकीकडे वळत आणि माणूस खुर्चीत असून घरात नसे. गेलेलं बोलणं परत यावं म्हणून उपचार करणाऱ्या मुलीने चित्रांचा धडा दिला होता — चित्र निवडायचं, शब्द ऐकायचा, आपण म्हणायचा. ‘ओळखीच्या वस्तू बदलू नका हं,’ असंही तिने बजावलं होतं. म्हणून नवा लॅपटॉप नको. यांच्याच हाताखाली झिजलेला हा ठेवायचा आणि आतली सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, तेवढी हलकी घालायची.

आणि हलक्या सिस्टिम तरी किती! कुणाचं चिन्ह उंदीर, कुणाचं पक्षी, कुणाचं कुत्र्याचं पिल्लू. बाईंनी रोज एक पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली, वहीत रकाने आखले — उघडायला वेळ, अक्षरं, आवाज, यांना जमलं का — आणि गुण दिले. तीन आठवडे.

काल फोनवर लेक हसली होती. “आई, एखादी टाकून मोकळी हो ना! वार्षिक परीक्षा घेतेयस का त्यांची?”

“घाईने निवडलं की मग निस्तरत बसावं लागतं.”

“बरं, बाबांना कुठली आवडली?”

“त्यांना काय कळतंय त्यातलं!”

हे मी यांच्यासमोर बोलले, बाईंना आत्ता आठवलं... चांगलं खणखणीत.

त्यानंतरच गुणांत पिल्लाची सिस्टिम पहिली आली. जुनं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? पडद्यावर प्रश्न आला — बाईंनी ‘हो’वर दाबलं होतं.

“अहो, उघडा बघू धडा.”

यांचा डावा हात पॅडवर सरकला. पडद्यावरचा बाण थरथरत निघाला, मध्येच अडला, पुन्हा निघाला आणि डाव्या, खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबला. तिथे काहीच नव्हतं. त्यांनी दाबलं. पुन्हा दाबलं. मग मान वळवून बाईंकडे पाहिलं — उत्तर बरोबर असून बाईंनी फुली मारली की मुलं पाहतात, तसं.

डावा कोपरा. जुन्या सिस्टिममध्ये धडा तिथेच होता... म्हणजे लक्षात राहत होतं! या तीन आठवड्यांत धडा कधी वर, कधी उजवीकडे, कधी मधोमध, आणि रोज हा बाण कोपऱ्याकडे निघाला की आपण मनगट धरून ओढलं — “तिथे नाही हो, इथे!” — आणि वहीच्या शेवटच्या रकान्यात लिहिलं, आजही जमलं नाही.

धड्याचं चिन्ह त्या कोपऱ्यात नेता येईल... येईल बहुतेक. पण नेईपर्यंत, नेमकं आजच, यांनी तो कोपरा सोडून दिला तर?

नऊ वाजून सहा मिनिटं. बाण अजून तिथेच होता, बोट अजून दाबत होतं, पण हळू — बाईंना समजावून सांगितल्यासारखं. बाईंचा हात त्या मनगटाशी गेला आणि तिथेच राहिला, ओढवेना, सोडवेना. एखाद्या वर्गापुढे आपण उभ्या आहोत, शिकवायला आपल्याजवळ काहीच नाही आणि सगळे आपल्याकडे पाहताहेत, असं बाईंना वाटत राहिलं.