म्होरकीण

बंदुकीचा बार झाला तेव्हा डॉर्कस वाळुंजाच्या झुडपांच्या फांद्या तोडत होती. हातातली कुऱ्हाड तिथंच टाकून ती काठाकडं धावली, कारण बार व्हायची वेळ अजून झालीच नव्हती.

नदीच्या मध्यावर दोन कॅरिबू हरणं मरून तरंगत होती. पलीकडच्या उतारावर कळप उभा होता, नुसतं शिंगांचं रान. तिच्या डोळ्यांदेखत तो सगळाच्या सगळा वळला आणि टेकडीआड गेला. तिचा धाकटा भाऊ इनोक होडीत उभा राहून एका मादीच्या शिंगाला दोर बांधत होता.

"आरं मुडद्या, काय केलंस ह्ये?"

"आक्का, दोन पडली की!"

"दोन पडली, आन् हजार गेली ती कुणाच्या बापानं आणायची? म्होरकीण मारलीस तू! ती पार झाली आस्ती तर तिच्या मागनं समदी आली आस्ती. पहिली फळी जाऊ द्यायची, बंदुकीला हात लावायचा न्हाई, तोंडातनं शब्द काढायचा न्हाई. पाच वर्साचं प्वार बी सांगंल तुला!"

इनोकनं मान खाली घातली. "मागल्या साली आलीच न्हाईत. सबंध हिवाळा डब्यातलं मांस गिळलं. आज समोर दिसली आन् हात ऱ्हाइला न्हाई, आक्का."

"हात ऱ्हात न्हाई तर तोडून कुत्र्यांम्होरं टाक!"

चाळीस वर्षांचा बाप्या तो. पण आई गेली तेव्हा चार वर्षांचा होता, आणि त्याला डॉर्कसनंच वाढवलं होतं. बंदूक धरायलाही तिनंच शिकवलं, म्हणून तिला राग दुप्पट आला. सप्टेंबर निम्मा सरला होता. आणखी पंधरा-वीस दिवसांत नर माजावर आले की त्यांच्या मांसाला असा वास मारतो की कुत्रंही तोंड फिरवतं. त्यानंतर नदी गोठायला लागली की होडी बंद. मांस धुरावर सुकवायच्या तिच्या खोपटात दांड्या रिकाम्या होत्या, आणि गावातली सहा म्हातारी माणसं त्याच दांड्यांवर हिवाळा काढणार होती.

होडी काठाला लागली. डॉर्कसनं बंदूक ओढून घेतली, ज्याच्याशिवाय ती उडत नाही तो बोल्ट काढला आणि अंगरख्याच्या खिशात टाकला. मग ती इनोककडं पाठ करून त्याच्या बायकोकडं वळली.

"लिडिया, तुझ्या नवऱ्याला सांग, आजपास्नं माझं त्याच्याशी बोलणं बंद."

इनोक दोन हातांच्या अंतरावरच उभा होता. लिडिया बिचारी दोघांकडं बघत राहिली.

"वन्सं, त्यांनी ऐकलं की."

"ऐकलं का न्हाई ते मला ठाव न्हाई. तू सांग."

मांस मात्र टाकायचं नसतं, मग ते कसंही पडलेलं असो. डॉर्कसनं गुडघ्यावर बसून दोन्ही माद्या सोलल्या, मांसाचे पातळ पदर काढले आणि प्रत्येक पदराला एक शिवी दिली. पण त्यातली एक पट्टीही खोपटात टांगली नाही. सगळं पोत्यात भरलं.

"लिडिया, त्याला म्हणावं ह्ये गावात घिऊन जा. एकेका म्हाताऱ्याच्या दारात हुभं ऱ्हा आन् आपल्या तोंडानं सांग, ह्ये म्होरकीचं मांस हाय, म्या मारली."

"वन्सं, लाज वाटंल त्यांना."

"वाटाय पायजेच! तेवढ्यासाठीच धाडतीया."

इनोक गेला. सहा दारं हिंडला. संध्याकाळी परतला तो कान लाल करून. म्हाताऱ्या झकरीनं मांस ठेवून घेतलं होतं आणि विचारलं होतं, "परत येत्याल का रं ती?" इनोकनं उलट त्यालाच विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "येत्यात. न्हाईतर येत न्हाईत," आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर दिवसामागून दिवस गेले. रोज सकाळी पाण्याच्या कडेला बर्फाची साय धरायची. इनोक न सांगता लाकडं फोडायचा, खोपटाचं छप्पर नीट करायचा, मासे आणायचा. डॉर्कस ते मासे खायची आणि म्हणायची, "लिडिया, त्याला सांग, माशानं हिवाळा निघत न्हाई." तो चहा पुढं करायचा, ती कप बाजूला सारून स्वतःचा ओतून घ्यायची.

"वन्सं, आता पुरं झालं," लिडिया म्हणाली.

"खोपाट भरंल तवा पुरं हुईल."

अकराव्या दिवशी दुपारी पलीकडच्या उतारावर एक मादी आली. म्हातारी होती, एक शिंग मोडकं. ती पाण्याशी थांबली, नाक वर करून वास घेतला. तिघंही वाळुंजाच्या आड पोटावर पडले. मादी पाण्यात शिरली. मागं चार, मग दहा, मग वीस. ती पोहत आली आणि त्यांच्यापासून चार पावलांवर काठ चढली. अंगावरचं पाणी झटकलं ते इनोकच्या तोंडावर उडालं. त्याची बोटं बोल्ट नसलेल्या बंदुकीकडं गेली. त्यानं बहिणीकडं पाहिलं. डॉर्कस नदीकडंच बघत होती.

म्होरकीण गेली. तिच्या मागची गेली. पलीकडचा उतार शिंगांनी भरून गेला आणि सगळं रान पाण्यात उतरलं. आता मागं वळणं त्यांच्याही हातात नव्हतं, मागचे पुढच्यांना ढकलत होते. लठ्ठ नर काठाला लागायला लागले.

डॉर्कसनं खिशातून बोल्ट काढून इनोकच्या हातात ठेवला. त्यानं तो बसवला, नेम धरला, आणि तसाच थांबला. एक नर गेला, दुसरा गेला. पोटाला गारठा चढला तरी इनोक हलेना.

"आता," डॉर्कस म्हणाली.

सहा नर पडले. तिनंच हात वर करून थांबवलं, आणि बाकीचा कळप खडखडत डोंगराकडं निघून गेला. इनोक बंदूक खाली ठेवून तिथंच बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

"बघत काय बसलायस, मुडद्या?" डॉर्कस त्याच्या अंगावर ओरडली. "सुऱ्या कोण आणणार, तुझा बाप? सहा जनावरं उघडी पडल्यात! आन् पट्ट्या पातळ काढ, नेहमीवानी जोड्याचे तळवे नको काढू, आयतखाऊ कुठला!"

अकरा दिवसांनी शिवी मिळाली होती. इनोक उठला आणि पळतच सुऱ्या आणायला गेला.